पलटणीचे दार आणि युद्धाचा प्रश्न

एम.ए. भाग दोनच्या लघुप्रबंधासाठी माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच भेटीत वही पुढे केली. शीर्षक होते, ‘लेखकांचा युद्धविषयक दृष्टिकोन : एक अभ्यास’. खाली प्रमेय म्हणून एकच वाक्य : काही लेखकांनी युद्धाचे समर्थन केले आहे, तर काहींनी विरोध केला आहे. त्याखाली पट्टीने रेघ ओढून दोन रकाने पाडले होते. ‘समर्थक’ म्हणून गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे. ‘विरोधक’ म्हणून विल्फ्रेड ओवेन, सीगफ्रीड ससून आणि बर्ट्रांड रसेल. बी.ए.ला तिने इंग्रजी घेतले होते, ही नावे तिथली. बाबासाहेबांचे नाव मात्र दोन्ही रकान्यांत होते आणि दोन्हीकडे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले होते.

“सर, हे एक नाव कुठे बसवावे ते कळत नाही,” ती म्हणाली.

मला माझ्या स्वतःच्या प्रबंधाचे दिवस आठवले. तेव्हाच्या मार्गदर्शकांनी माझा आराखडा लाल शाईने ‘मोघम’ एवढा एकच शब्द लिहून परत केला होता. मोघम म्हणजे काय, आणि मोघम नसलेले कसे लिहितात, हे विचारायला घरी कोणी नव्हते. वडील वीटभट्टीवर. घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि सोसायटीची नोटीस. तो शब्द मी दोन महिने खिशात घेऊन हिंडलो. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके आहेत त्यांना ‘प्रमेय नेमके करा’ एवढे सांगितले की पुरते. आपल्या मुलांना ते करून दाखवावे लागते. म्हणून तिच्या वहीवर मी काहीच लिहिले नाही. एवढेच विचारले, की वलंगकरांचा जो मजकूर तू ‘समर्थन’ म्हणून घेतला आहेस, तो त्यांनी कोणाला उद्देशून लिहिला?

तिला उत्तर माहीत होते. मुंबई इलाख्याच्या सरसेनापतीला. 1894 साली.

मग ते समर्थन आहे की अर्ज आहे, असे मी विचारले. इथून आमचे काम सुरू झाले.

गोपाळबाबा महाडकडचे. पलटणीत हवालदार होऊन 1886 साली निवृत्त झाले आणि दापोलीला राहू लागले. दापोली म्हणजे त्या काळी पेन्शनर महारांची वस्तीच. जोतीरावांच्या विचाराने भारलेला हा माणूस. 1888 साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका काढली आणि तीत हिंदू समाजाच्या धुरीणांना 26 प्रश्न विचारले. त्यानंतर सहाच वर्षांनी त्याच हाताने सरसेनापतीसाठी विनंतीपत्राचा मसुदा केला, की महारांची पलटणीतील भरती पुन्हा सुरू करावी. एका कागदात माणूस जाब विचारतो, दुसऱ्यात हात जोडतो. ह्या दोन कागदांमधले अंतर लक्षात न घेता दुसऱ्यातली वाक्ये उचलून ‘वलंगकरांचा युद्धविषयक दृष्टिकोन’ असे म्हणणे म्हणजे तलाठ्याला केलेल्या अर्जावरून शेतकऱ्याचे शेतीविषयक तत्त्वज्ञान काढण्यासारखे आहे. विनंतीपत्रात ‘आम्ही लढलो, एकनिष्ठ राहिलो’ असे येणारच. कारण समोरच्याला तेवढेच ऐकायचे असते.

मग त्या अर्जाच्या पोटात काय होते? कंपनीच्या मुंबई फौजेत महार पहिल्यापासून होते. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची 49 नावे तिथल्या स्तंभावर आहेत, त्यांतल्या 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ह्या स्तंभाकडे आपण अभिमानाने पाहतो ते योग्यच आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने स्तंभाच्या मागे छावणीही पाहावी. छावणीत महिन्याचा पगार होता, म्हातारपणी पेन्शन होती आणि मुख्य म्हणजे शाळा होती. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत हेडमास्तर होते. ज्या गावकुसाबाहेर पाटीला हात लावायची सोय नव्हती, तिथल्या बायका छावणीत आल्यावर वाचू लागल्या.

1857 नंतर हवा पालटली. पुढे लॉर्ड रॉबर्ट्‌स हिंदुस्थानचा सरसेनापती झाला (1885 ते 1893) आणि ‘लढवय्या जाती’ हे खूळ धोरण बनले. उत्तरेकडचे उंच, गोरे ते लढवय्ये, दक्षिणेकडचे निकामी. जातवार तुकड्या बांधायच्या ठरल्या, आणि मग सवर्ण शिपाई ज्यांच्याबरोबर राहायला नाखूष त्यांना घ्यायचे कशाला, हे ओघानेच आले. 1892-93 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. मनूला दोन हजार वर्षांत जे कागदावर पुरते जमले नव्हते ते एका गोऱ्या कचेरीने एका हुकुमात केले. बाबासाहेब 14 एप्रिल 1891 रोजी महूच्या छावणीत जन्मले. दार बंद व्हायला फार तर दोन वर्षे उरली होती. त्यांच्यामागून जन्मलेल्या किती मुलांची शाळा ह्या एका हुकुमाने गेली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

हे सगळे बोलून झाल्यावर तिने वहीत ‘समर्थक’ शब्द खोडला आणि ‘अर्जदार’ लिहिले. मला बरे वाटले, पण तेवढ्याने प्रमेय होत नाही. म्हणून 1894 चा मसुदा आणि 1910 चा अर्ज शेजारी ठेवून वाचायला सांगितले. 1910 चा अर्ज शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडे गेला. शिवरामजी पुण्याचे, ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक त्यांनी 1908 साली सुरू केले होते. आठवड्याने ती आली ती दारातूनच बोलत. वलंगकर म्हणतात आम्ही मूळचे क्षत्रिय, दुष्काळात खाऊ नये ते खावे लागले म्हणून खाली ढकलले गेलो. शिवरामजींच्या अर्जात जोर तिथे नाही. आम्ही माणसे आहोत आणि एकाच साम्राज्याची प्रजा आहोत, मोठे हुद्दे मागत नाही, पोलिसांत आणि फौजेत अगदी खालच्या शिपायाची जागा द्या, अशी त्यांची मांडणी आहे. सोळा वर्षांत मागणी तीच राहिली, पण तिच्या खालचा पाया बदलला. पूर्वी आम्ही कोण होतो हा पुरावा मागे पडला आणि आज आम्ही कोण आहोत हा पुढे आला. हे मी तिला सांगितले नव्हते. तिने स्वतः वाचून काढले होते.

आता दुसरा रकाना. इंग्रजीच्या वर्गात ओवेन आणि ससून शिकवतात तेव्हा त्यांचे दुःख खरे असते आणि शिकणाऱ्यालाही ते खरे वाटते. ओवेन 4 नोव्हेंबर 1918 रोजी पडला, आणि आठवड्याने युद्ध थांबले. त्याची थोरवी मला कमी करायची नाही. पण मी तिला एका सालाकडे बघायला सांगितले. 1917 च्या जुलैत ससूनने युद्ध विनाकारण लांबवले जात आहे असे जाहीर निवेदन दिले आणि आपल्या ‘मिलिटरी क्रॉस’ची फीत मर्सी नदीच्या मुखाशी फेकून दिली. त्याच्या आदल्याच महिन्यात, जून 1917 मध्ये, इकडे सरकारला माणसे कमी पडू लागल्यामुळे ‘111 वी महार’ ही पलटण उभी राहत होती. पंचवीस वर्षे बंद असलेले दार उघडले म्हणून आपली पोरे रांगा लावत होती. युद्ध संपले, आणि 1921 पर्यंत ती पलटण मोडलीही.

फीत फेकायला आधी ती मिळावी लागते. ससून अधिकारी होता, सुखवस्तू घरचा होता, त्याच्या निवेदनाचा उल्लेख पार्लमेंटात झाला. त्याला शिक्षा करण्याऐवजी इस्पितळात पाठवले गेले. रसेलची केंब्रिजमधली नोकरी 1916 साली गेली आणि 1918 साली त्याला सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्याची निष्ठा निःसंशय मोठी. पण ह्या माणसांचा नकार ऐकून घेणारे कोणी तरी होते. रांगेतल्या आपल्या पोराने ‘मला हे युद्ध मान्य नाही’ असे म्हटले असते तर त्याच्या मागचा पुढे सरकला असता, एवढेच. तेव्हा ओवेन-ससूनला मापदंड धरून वलंगकर-शिवरामजींना मोजणे हा अभ्यासातला अन्याय आहे. असे मी तिला सांगितले आणि उत्साहाच्या भरात एक वाक्यही सुचवले : ‘अस्पृश्यांसाठी पलटण ही मुक्तीची वाट होती.’

तिने ते लिहून घेतले नाही. पेन हातात तसेच ठेवून म्हणाली, “सर, मग त्यांनी मारले कोणाला?”

मला राग आला, हे कबूल करतो. मी म्हणालो, की हा प्रश्न आपल्याला नेहमी बाहेरचे लोक विचारतात, इंग्रजांची चाकरी केली म्हणून टोमणे मारायला विचारतात. तू तो कशाला विचारतेस? तू लिहिलेस की तेच उद्या आपल्यावर उलटवतील. ती म्हणाली, “उलटवतील तर उलटवू देत. पण मुंबई फौजेच्या पलटणी अॅबिसिनियात गेल्या, अफगाणिस्तानात गेल्या. तिथली माणसे आपली पेशवाई नव्हती. अर्जांत त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. ते नाही, हे तरी लिहायला नको?”

मग तिने दप्तरातून मुक्ता साळवेचा निबंध काढला. मांग जातीची, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी ही मुलगी. 1855 साली ‘ज्ञानोदया’त तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला. पेशवाईत तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर त्याचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीने त्याचा चेंडू-दांडू करीत, असे ती त्यात सांगते. हा निबंध मी स्वतः वर्गात अनेकदा शिकवला आहे, पण युद्धाच्या प्रकरणात तो वाचावा असे मला कधी सुचले नाही. वलंगकर तलवारीच्या मुठीकडून बोलतात, मुक्ता पात्याकडून. कोणतेही युद्ध चालू नसतानाच्या तलवारीबद्दल ती बोलते. ‘समर्थक’ आणि ‘विरोधक’ ह्या दोन्ही रकान्यांत तिला जागा नाही, आणि तरी ह्या विषयावर आपल्यातून सर्वांत आधी लिहिणारी तीच.

माझे वाक्य मी परत घेतले. पलटण पगाराची आणि शाळेची वाट होती, एवढे म्हणायला आधार आहे. मुक्तीची म्हणायला नाही. त्या वाटेवर फक्त पुरुषांनाच पाय टाकता येत होता हेही तिने समासात टिपले.

आता राहिले ते प्रश्नचिन्ह. बाबासाहेबांच्या आयुष्यात फौज आणि युद्ध किती वेळा आडवे आले हे ओळीने पाहिले की माणूस थक्क होतो. 1913 च्या जानेवारीत ते बडोदा संस्थानच्या फौजेत लेफ्टनंट. 1917 साली शिष्यवृत्ती संपली म्हणून लंडनहून परतताना त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीवर होती ती जर्मनांनी बुडवली. परत येऊन बडोद्याला महाराजांचे मिलिटरी सेक्रेटरी म्हणून रुजू झाले, तर कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकत, आणि पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. पदनामात ‘मिलिटरी’ शब्द होता आणि रात्री डोके टेकायला छप्पर नव्हते.

आणि 1918 साली, अशा ह्या माणसाने रसेलच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ सोशल रीकन्स्ट्रक्शन’ ह्या पुस्तकावर अर्थशास्त्राच्या एका नियतकालिकात परीक्षणलेख लिहिला. तिच्या ‘विरोधक’ रकान्यातल्या रसेलवर! पुस्तक युद्धाच्या विरोधातले. आपल्याकडच्या वाचकाने त्यातून ‘पाश्चात्त्यही आता आमच्यासारखे शांत बसायला शिकले’ असा अर्थ काढू नये, याची चिंता बाबासाहेबांना होती. रसेल युद्धाविरुद्ध आहे, निष्क्रियतेच्या बाजूचा नाही, हे त्यांनी ठासून मांडले. जॉन ड्यूईकडून घेतलेला भेद त्यांनी तिथे वापरला आहे : ऊर्जा म्हणून वापरलेले बळ वेगळे आणि हिंसा म्हणून वापरलेले बळ वेगळे. बळाशिवाय काहीच घडत नाही. प्रश्न ते उधळले जाते की काही घडवते, हा आहे. सत्तावीस वर्षांच्या तरुणाने हे लिहिले आहे, आणि आमच्या वर्गांत ते क्वचितच वाचले जाते. चवदार तळ्यावर नऊ वर्षांनी जे बळ एकवटले ते कोणत्या प्रकारचे, हे ह्या लेखातून पाहिले तर अधिक कळेल, असे मला वाटते.

1941 च्या जुलैत व्हाइसरॉयने त्यांना संरक्षण सल्लागार समितीवर घेतले. त्याच साली 1 ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. बाबासाहेबांनी तरुणांना भरती व्हायला सांगितले. इथे ते शिवरामजींच्या अर्जाचेच काम पुरे करीत होते, पण फरक हा की ह्या वेळी युद्ध कोणाविरुद्ध आहे हेही ते बोलत होते. नाझीवाद जिंकला तर माणसामाणसांतल्या समतेची गोष्टच संपेल, हा हिशेब त्यांच्यासमोर होता. (त्याच युद्धात अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला. सोव्हिएट युनियनवर जून 1941 मध्ये हल्ला झाल्यावर कम्युनिस्ट पक्षाने युद्धाविषयीची भूमिका बदलली होती. अण्णाभाऊंची वाट बेळगावच्या छावणीकडे जाणारी नव्हती, पण तिचे तोंड त्याच शत्रूकडे होते. हे स्वतंत्र प्रकरण होईल म्हणून मी तिला तूर्त थांबवले.)

आणि मग 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ प्रसिद्ध झाला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी बुद्धीला न पटणारी म्हणून बाजूला ठेवली. त्यांच्या ग्रंथात घर सुटते ते युद्धाच्या प्रश्नावर. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा होतो. सेनापती संघापुढे युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ चौकशी आणि लवादाची उपसूचना मांडतो, ती मोठ्या बहुमताने पडते. वीस ते पन्नास वयाच्या सगळ्या शाक्यांनी सैन्यात दाखल व्हावे असे ठरते, आणि सिद्धार्थ नकार देतो. तेव्हा सेनापती त्याला शिक्षा ऐकवतो. देहदंड किंवा देशत्याग द्यायला कोसलराजाची संमती लागेल, पण कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालायला आणि शेती जप्त करायला संघाला कोणाला विचारायची गरज नाही.

हे वाचून दाखवताना ती ‘बहिष्कार’ शब्दावर थांबली. आमच्या तालुक्यात तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. मेलेले ढोर ओढायचे नाकारले म्हणून कोणाकोणाच्या घरचे दळण बंद झाले, ते तिच्याही घरी माहीत आहे आणि माझ्याही. बाबासाहेबांनी पाण्यावरचे भांडण घेतले, बहिष्काराची धमकी घेतली, आणि युद्धाला नकार देणारा माणूस त्यांच्या मध्ये उभा केला. ह्या सिद्धार्थाच्या हाती शस्त्र धरायचा हक्क आहे. संघाचा तो सभासद आहे, ठरावावर बोलायचा त्याला अधिकार आहे. तो नकार देतो ते हा हक्क हाती असताना. शिवाय हेच बाबासाहेब ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’मध्ये सांगतात, की बुद्ध हिंसेच्या विरुद्ध होता पण न्यायाच्या बाजूचा होता, आणि न्यायासाठी बळ लागले तर त्याने ते निषिद्ध मानले नाही. बेळगाव आणि रोहिणी ह्यांना एकमेकांविरुद्ध उभे करायची गरज तिथे उरत नाही.

तिने रकान्यांचे पान फाडले नाही, नुसते उलटले. दोन तासांनी मागच्या बाजूला तिचे प्रमेय तयार झाले होते, ते तिच्याच शब्दांत देतो : ‘1894 ते 1957 ह्या काळात अस्पृश्यांमधील लेखकांनी युद्ध हवे की नको यापेक्षा शस्त्र धरण्याचा आणि ते नाकारण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मांडला. वलंगकर व शिवराम जानबा कांबळे यांनी त्यातला पहिला अर्धा मांडला, बाबासाहेबांनी दोन्ही. पलीकडच्या बाजूने मेलेल्यांविषयी मात्र अर्जांत मौन आहे, आणि मुक्ता साळवेचा निबंध वाचल्यावर ते मौन ऐकू येते.’ शेवटचा शब्दप्रयोग परीक्षकांना रुचेल की नाही शंका आहे. मी तो राहू दिला.

लघुप्रबंध अजून पुरा व्हायचा आहे. मधल्या काळात तिने घरची एक ट्रंक उघडली. पणजोबा 1942 साली भरती झाले होते. एका मळक्या कागदावर त्यांची सही आहे, रोमन अक्षरांत. फौजेत तेव्हा रोमन लिपीतली हिंदुस्थानी शिकवीत. म्हणजे त्या घरातले पहिले अक्षर मराठी नव्हे, तेही परक्या लिपीत. पणजोबा कुठे लढले, कोणाविरुद्ध लढले, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. पणजीला ‘बाहेरदेशी’ एवढेच माहीत होते.

मागच्या शनिवारी आम्ही दोघांनी बसून मध्य प्रदेशातील सागर इथे, महार रेजिमेंटच्या केंद्राकडे, त्यांच्या नोंदींसाठी अर्ज तयार केला. पहिल्या मसुद्यात तिने ‘कृपावंत होऊन’ असे लिहिले होते. ते तिनेच खोडले आणि त्या जागी पणजोबांचा नंबर लिहिला. पाकीट रजिस्टर पोस्टाने गेले आहे.